परसबाग : बिदरी हुक्क्यावरचे फूल आणि आपली कुंडी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बिदरच्या कारागिरांनी घडविलेली हुक्क्याची एक बैठक जतन करून ठेवलेली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे काम. जस्ताच्या मिश्र धातूचा काळाभोर घट आणि त्यावर जडावकामात उमटविलेली फुलझाडे. ही झाडे कमळाची नाहीत की शेवंतीची नाहीत. तलवारीच्या पात्यासारखी उभी पाने आणि तीन पाकळ्या वर, तीन खाली अशा घडणीची फुले असलेली ती आयरिसची झाडे आहेत. आमच्या बिदर-हुमनाबादच्या मातीत जे झाड सहसा दृष्टीस पडत नाही, ते येथल्या कारागिराच्या हातून धातूत कसे उतरले, असा प्रश्न कोणालाही पडावा.

त्याचे उत्तर काश्मिरात आहे. १६२० च्या वसंतात जहांगीर बादशहा काश्मिरात गेला, तेव्हा उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तेथील शंभरावर फुलांची चित्रे काढली, अशी नोंद बादशहाने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. त्यानंतर मोगली चित्रांच्या कडा, गालिचे, वस्त्रे, दगडी जाळ्या या सर्वांवर ही फुले पसरली. १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदरचा किल्ला घेतला आणि मोगली कलेचे वळण दक्षिणेत अधिक दृढ झाले. म्हणजे आयरिसचे फूल आमच्या जिल्ह्यात आले ते नक्षीच्या वाटेने. बागेच्या वाटेने ते आजही पुरतेपणी आलेले नाही. ते तसे का आले नाही, आणे शक्य आहे काय, हाच या महिन्याचा विषय.

हा विषय घेण्यास निमित्त झाले ते वाचकांच्या पत्रांचे. डेहराडूनच्या एका भगिनींना कुंडीत लावण्याजोग्या ठेंगण्या आयरिसविषयी माहिती हवी आहे. इंग्लंडमध्ये घर केलेल्या एका वाचकांना आपल्या वाफ्यातले गड्डे हुमनाबादला आईकडे आणावयाचे आहेत. आणि आमच्याच गावातील एका काकूंनी प्रदर्शनात रंगीत चित्र पाहून डझनभर गड्डे घेण्याचे मनात आणले आहे. पैसे देण्यापूर्वी विचारावे म्हणून त्यांनी लिहिले, हे फार चांगले केले. तिघांचा प्रश्न एकच आहे. उत्तरे मात्र तीन निराळी आहेत, कारण प्रत्येकाचा हिवाळा निराळा आहे.

नाव आणि रूप

आयरिसला मराठीत रुळलेले असे नाव नाही. परंतु निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना 'सोसन' हा शब्द परका नव्हता. फारसी-उर्दू काव्यात येणारे सोसन ते हेच, आणि निळसर जांभळ्या रंगाला 'सोसनी' म्हणतात तेही याच फुलावरून. हकिमांच्या औषधांत 'इरसा' म्हणून जी मुळी येते, तीही आयरिसच्याच जातीची. 'आयरिस' हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ इंद्रधनुष्य, आणि त्या नावाची एक देवताही ग्रीक पुराणांत आहे. या फुलाचे जितके रंग आढळतात तितके क्वचितच दुसऱ्या कोणा फुलाचे असतील, म्हणून हे नाव सार्थच म्हणावयाचे.

फुलाची रचना न्याहाळण्याजोगी असते. तीन पाकळ्या कमानीसारख्या वर उभ्या राहतात आणि तीन जिभेसारख्या खाली झुकतात. झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर मऊ केसांची एक पट्टी असते. तीच या फुलाची दाढी. ही दाढी शोभेपुरती नाही. भुंग्याला मधाकडे नेणारी ती पायवाट आहे. भुंगा आत शिरताना त्याच्या पाठीवरचे दुसऱ्या फुलाचे पराग स्त्रीकेसराच्या ओठावर घासले जातात, आणि पुढे गेल्यावर या फुलाचे नवे पराग त्याच्या पाठीला लागतात. परत निघताना तो ओठ मिटल्यासारखा मागे दुमडतो, त्यामुळे फुलाचे पराग त्याच फुलाला लागत नाहीत. एक फूल दोन-तीन दिवस टिकते, परंतु एका दांड्यावर एकामागून एक कळ्या उमलत असल्याने झाडाचा बहर त्याहून लांबतो.

दाढीच्या आयरिसचे जमिनीखालचे खोड आल्याच्या कुडीसारखे आडवे वाढते. त्याला आपण गड्डा म्हणू. गड्ड्याच्या टोकाला पंख्यासारखा पानांचा झुबका येतो. एक झुबका एकदाच फुलतो. पुढच्या वर्षीचे फूल त्याच्या कुशीतून फुटलेल्या नव्या झुबक्यावर येते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढची सारी निगा आपोआप उमगते.

ठेंगणी जात कशी झाली

उंच दाढीच्या आयरिसचे दांडे कमरेपर्यंत वाढतात. वाऱ्यात ते कलंडतात आणि कुंडीत शोभत नाहीत. ठेंगण्या जातींत दोन वर्ग मानले जातात. वीतभर म्हणजे वीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारे ते अतिठेंगणे, आणि वीस ते चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारे ते ठेंगणे. घरगुती बागेला दुसरा वर्ग अधिक सोयीचा, कारण त्याचा फुटवा जोमदार असतो आणि फूल पानांच्या वर नीट दिसते.

हा दुसरा वर्ग निसर्गात नव्हता. तो माणसाने घडविला, आणि त्याची हकीकत मनोरंजक आहे. पूर्व युरोपातील माळरानावर 'आयरिस प्युमिला' नावाची बोटभर उंचीची रानटी जात वाढते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील पॉल कुक आणि टेनेसी राज्यातील गेडीस डग्लस या दोघांनी तिचा उंच आयरिसशी संकर करावयाचे ठरविले. अडचण अशी की ठेंगणी जात लवकर फुलते आणि उंच जात उशिरा; दोघांच्या फुलांची गाठच पडत नाही. त्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. टेनेसी हे दक्षिणेकडचे, उबदार. तेथे उंच आयरिस फुलतात त्या सुमारास थंड इंडियानात ठेंगणी फुललेली असतात. त्यांनी परागांची देवाणघेवाण केली आणि दोन राज्यांच्या ऋतूंतील अंतराचाच उपयोग करून घेतला. प्युमिलाची गुणसूत्रे ३२ आणि उंच आयरिसची ४८. संकराची भरली ४०. या संततीला बी धरू लागले आणि नवी जात स्थिरावली. १९५१ मध्ये कुक यांनी 'ग्रीन स्पॉट', 'फेअरी फ्लॅक्स', 'बारिया' ही वाणे बाहेर काढली. आज जगभर जी शेकडो ठेंगणी वाणे आहेत, त्यांची वंशावळ बहुतांशी येथवर येऊन पोहोचते. या वर्गातील उत्तम वाणाला दरवर्षी जे पदक दिले जाते, त्याला कुक-डग्लस असेच नाव आहे.

या हकीकतीत आमच्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. जिच्यापासून ठेंगणेपण आले ती प्युमिला कडक हिवाळ्याच्या माळावरची. तिने संततीला उंची दिली नाही, पण थंडीची भूक मात्र दिली. उंच आयरिसच्या काही जाती सौम्य हिवाळ्यातही कशाबशा फुलतात; ठेंगण्यांना मात्र खरी थंडी लागते, तीही एका-दोन रात्रींची नव्हे, तर सलग काही आठवड्यांची. ती मिळाली नाही तर झाड मरत नाही, पाने काढीत राहते; फुलाची कळी मात्र धरत नाही.

कोणाच्या गावी काय साधेल

आता आपापल्या गावाचा विचार करावा. काश्मीर, हिमाचल, कुमाऊँ, गढवाल येथील डोंगरावर जे मराठी नोकरदार व निवृत्त लोक राहतात, त्यांनी निःशंकपणे लावावे. काश्मिरात तर पांढरे व जांभळे आयरिस कबरस्तानांत पिढ्यान्‌पिढ्या लावले जातात आणि कोणी निगा न राखताही दरवसंतात फुलतात. डेहराडूनला थंडी बेताची पण उपयोगी पडेल इतकी असते. तेथला शत्रू आहे मुसळधार पावसाळा. तेथे आयरिस वाफ्यापेक्षा कुंडीत बरा, म्हणजे पावसात तो उचलून आडोशाला नेता येतो. दिल्ली, ग्वाल्हेरकडे थंडी थोडी आणि उन्हाळा कडक. तेथे दोन-तीन गड्ड्यांवर प्रयोग करून पाहावा. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, तंजावर येथे ठेंगण्या आयरिसच्या फुलाची आशा धरू नये. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात असलेल्या आपल्या कुटुंबांना तर हे झाड अंगणातल्या तुळशीइतके सोपे आहे. इंग्लंडमध्ये ते एप्रिलच्या सुमारास फुलते.

राहिले आमचे हुमनाबाद. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावरचे हे गाव दोन हजार फुटांच्या पठारावर आहे, आणि बिदर हा कर्नाटकातील थंड जिल्ह्यांपैकी एक गणला जातो. माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवास पहाटे जाणाऱ्यांना शाल लागते, हे खरे. एखाद्या वर्षी थंडीची लाट येऊन पारा दहा अंशांच्या खालीही उतरतो. परंतु ती लाट चार-आठ दिवसांची पाहुणी. एरवी पौषातही दुपारचे ऊन अंगाला लागते आणि रात्रीचा पारा चौदा-पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळतो. आयरिसच्या हिशेबी हा हिवाळा नव्हे. त्यात भर म्हणून मृगापासून हस्तापर्यंत पडणारा ऐंशी-नव्वद सेंटिमीटर पाऊस, आणि तोही नेमका झाड विसावा घेत असता. आयरिसच्या मूळ मुलखात उन्हाळा कोरडा आणि पाऊस-बर्फ हिवाळ्यात असतो. आमच्याकडे क्रम उलटा आहे. म्हणून बिदरच्या कारागिराने हे फूल धातूत कोरले आणि माळ्याने मातीत लावले नाही, यात माळ्याचा दोष काही नाही.

काकूंना म्हणूनच स्पष्ट सांगतो. डझनभर गड्डे घेऊ नयेत. हौस असेल तर एक किंवा दोन घ्यावे, खाली सांगितल्याप्रमाणे कुंडीत सांभाळावे आणि दोन हिवाळे वाट पाहावी. फूल आले तर साऱ्या आळीला बोलवावे. न आले तर थंड मुलखात असलेल्या आप्तेष्टांकडे झाड रवाना करावे. तेथे ते फुलेल. विक्रेता चित्र फुलाचे दाखवितो, हिवाळ्याचे दाखवीत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पैसे वाचतात.

कोणी विचारील की गड्डे शीतपेटीत ठेवून थंडीची भूक भागविता येणार नाही काय? ट्यूलिप वा हायसिंथसारख्या, कोरड्या कांद्याच्या अवस्थेत निजणाऱ्या झाडांना ही युक्ती लागू पडते. दाढीचा आयरिस तसा निजत नाही; त्याचा गड्डा पानांसह जिवंत, जागा असतो. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या शीतपेटीत ठेवल्यास फुलण्यापेक्षा कुजण्याचाच संभव अधिक. तेव्हा या खटाटोपात पडू नये.

परदेशातून गड्डे आणण्याविषयी

इंग्लंडच्या वाचकांनी आईसाठी सामानातून गड्डे आणण्याचा विचार सोडून द्यावा. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परदेशातून झाडे, कंद किंवा गड्डे आणावयाचे तर आयात परवाना आणि त्या देशाच्या शासनाचे वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. हा नियम जाचक वाटला तरी त्यामागे कारण आहे. मातीच्या एका ढेकळातून येणारी कीड किंवा बुरशी आपल्या मुलखातल्या शेतीला पुरून उरू शकते. तुरीच्या पिकावर ज्या जिल्ह्यांचा संसार चालतो, तेथील माणसाने तरी हे वेगळे सांगावयास नको. आईला फूल दाखवावयाचेच असेल तर तिला एप्रिलमध्ये तिकडे न्यावे. ते अधिक शोभेल.

कुंडीतील लागवड

ज्यांच्याकडे थंडी आहे, आणि ज्यांना प्रयोग करावयाचा आहे, अशा दोघांसाठी लागवडीची रीत पुढे देत आहे.

कुंडी मातीची घ्यावी, चिनी मातीची किंवा प्लास्टिकची नव्हे. मातीची कुंडी घाम गाळते आणि आतला ओलावा कमी करते. आयरिसची मुळे फार खोल जात नाहीत, म्हणून उंच कुंडीपेक्षा पसरट कुंडी चांगली. आठ-दहा इंच तोंडाच्या कुंडीत तीन गड्डे सुखाने मावतात. बुडाचे भोक मोकळे असल्याची खात्री करून त्यावर खापऱ्यांचे तुकडे आणि दोन बोटे जाड मुरूम घालावा.

माती भुसभुशीत हवी. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू वा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करावे. ताजे शेणखत मुळीच घालू नये. त्याने गड्डा कुजतो. आमच्या भागात कोठे जांभ्याची तांबडी माती, कोठे काळी. तांबडीचा निचरा चांगला, पण ती किंचित आम्ल असते. तिच्यात चमचाभर विझलेल्या चुन्याची भुकटी मिसळावी, कारण आयरिसला आम्ल माती मानवत नाही. काळीत चुना पुरेसा असतो, पण ती पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळूचा भाग दुप्पट करावा. प्रत्येक कुंडीमागे मूठभर हाडांचा चुरा मिसळला म्हणजे वर्षभर दुसरे खत लागत नाही. युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांच्या वाटेस जाऊ नये. त्याने पाने माजतात, गड्डा पोकळ होतो आणि रोगाला बळी पडतो.

लावताना मधोमध मातीचा लहानसा उंचवटा करावा, त्यावर गड्डा घोड्यावर बसविल्यासारखा ठेवावा, आणि मुळे दोन्ही अंगांनी खाली सोडून माती दाबावी. गड्ड्याची पाठ उघडी राहिली पाहिजे. ऊन तिला मिळालेच पाहिजे. आल्या-हळदीची सवय असलेला हात गड्डा खोल पुरू पाहतो, आणि आयरिस न फुलण्याचे थंडीखालोखालचे कारण तेच असते. जेथे उन्हाचा ताप फार, तेथे पाठीवर अर्धा इंच मातीचा पातळ थर चालेल, त्याहून अधिक नको. पाने पंख्याच्या आकारात वीतभर राखून वरची छाटावी, म्हणजे मुळे धरेपर्यंत झाडावर भार पडत नाही. वाफ्यात लावावयाचे असल्यास दोन झाडांत वीतभर अंतर सोडावे आणि वाफा जमिनीपासून चार बोटे उंच, गादीसारखा करावा.

लागवडीचा काळ डोंगरात फुलांचा बहर संपल्यानंतर सहा आठवड्यांनी, किंवा पावसाचा जोर ओसरताच. मैदानी भागात हस्ताचा पाऊस संपून आकाश निवळले म्हणजे. लावल्यानंतर एकदा भरपूर पाणी द्यावे. मग माती दोन बोटे खोलवर कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नये. दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा हवी. कळी दिसू लागल्यापासून फुले संपेपर्यंत पाण्याचे मान थोडे वाढवावे. फुले सुकली की दांडा बुडाशी कापून टाकावा, पाने मात्र हिरवी असेतो तोडू नयेत. पुढच्या वर्षीचे फूल तीच पाने घडवीत असतात.

पावसाळा आणि कुज

आमच्या हवेत आयरिसचे मरण येते ते पावसाळ्यात, आणि ते गड्ड्याच्या मऊ कुजीने येते. हा जिवाणूंचा रोग. झुबका बुडाशी सैल होतो, धरून ओढल्यास हातात येतो, आणि गड्डा दाबून पाहिल्यास लिबलिबीत लागून घाण वास येतो. रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वीच कुंड्या उचलून वळचणीच्या आत, ओसरीच्या कडेला ठेवाव्यात. उजेड व वारा मिळावा, पण पागोळ्यांचे पाणी पडू नये. चार महिने जवळजवळ कोरडे ठेवावे; आठ-दहा दिवसांनी कडेने पेलाभर पाणी पुरे. कुज लागलीच तर गड्डा उपटून सडका भाग निरोगी, पांढऱ्या गाभ्यापर्यंत धारदार सुरीने कापून काढावा, सुरी प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात बुडवावी, गड्डा दिवसभर उन्हात वाळवावा आणि कापलेल्या भागाला गंधकाची भुकटी चोळून नव्या मातीत लावावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

वाफ्यातील झाडे तीन-चार वर्षांनी आणि कुंडीतील एक-दोन वर्षांनी उपसून विभागावीत. मधला जुना, फुलून गेलेला गड्डा टाकून द्यावा आणि कडेचे ताजे, मुळांसह झुबके घ्यावेत. एका गड्ड्याचे असे चार-पाच होतात. शेजारणीला, नणंदेला, लेकीला देण्याजोगे.

वेखंड नव्हे, सावध

आता एक अत्यंत महत्त्वाची सूचना. आयरिसची पाने आणि गड्डा पाहून कोणालाही वेखंडाची आठवण होईल. युरोपातील पाणथळ जागी वाढणाऱ्या एका आयरिसला तर शास्त्रज्ञांनी नावच दिले आहे ते 'खोटे वेखंड' या अर्थाचे. आपल्या घरांत बाळगुटीच्या बटव्यात वेखंड असतेच, आणि परसात वेखंड लावलेले असले तर आजी त्याचाच तुकडा सहाणेवर उगाळते. आयरिसचा गड्डा विषारी आहे. तो पोटात गेल्यास वांत्या, जुलाब होतात; ताजा रस कातडीलाही झोंबतो. तान्ह्या मुलाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. ओळख सोपी आहे. वेखंडाचे पान चुरगळले की उग्र सुगंध येतो आणि पानाच्या मधोमध ठसठशीत शीर असते. आयरिसच्या पानाला तसा वास नाही आणि मधली शीरही नाही. वेखंड पाणथळीत वाढते, आयरिस पाण्याने मरते. तरीही ज्या घरात लहान मूल आहे, तेथे आयरिसची कुंडी वेखंडाच्या कुंडीजवळ ठेवू नये, आणि तिच्यावर नावाची पाटी ठळक अक्षरांत लावावी. घरातील वडील माणसांना कन्नड वाचण्याची सवय असेल तर कन्नडातही लावावी.

आमच्या हवेचे सोयरे

ज्यांच्या गावी ठेंगणा आयरिस फुलत नाही त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. त्याच कुळातील काही झाडे आमच्याकडे आनंदाने नांदतात.

पहिले बेलमकांडा. त्याचीही पाने पंख्यासारखी, फूल नारिंगी आणि त्यावर लाल ठिपके. फूल एका दिवसाचे, पण सुकताना ते पिळलेल्या वस्त्रासारखी गुंडाळी करून घेते, तीही पाहण्याजोगी. पुढे फळ उकलले की आत काळ्या चकचकीत बियांचा घोस दिसतो. हे झाड पूर्वी निराळ्या गणात धरीत. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला आयरिस गणातच आणून बसविले, आणि आता त्याचे शास्त्रीय नाव 'आयरिस डोमेस्टिका' असे आहे. म्हणजे आमच्या अंगणात आयरिस नाही असे आता म्हणता येत नाही. ते बियांपासून सहज येते, निचरा चांगला असला तर पाऊस सोसते आणि कुंडीतही वाढते.

दुसरा चालता आयरिस. पांढरे-निळे फूल एका दिवसाचे. ते गेल्यावर दांड्याच्या टोकाला रोप फुटते, दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि रोप तेथे मूळ धरते. असे पाऊल-पाऊल ते पुढे जाते, म्हणून हे नाव. याला ऊन कमी आणि ओल अधिक लागते. ज्यांच्याकडे पूर्वेची गच्ची किंवा विहिरीकाठची सावली आहे, त्यांनी हे लावावे.

तिसरा सर्वांच्या परिचयाचा ग्लॅडिओलस. तोही याच कुळातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आश्विन-कार्तिकात कंद चार बोटे खोल लावावेत. अडीच-तीन महिन्यांत तुरा येतो. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे कंद लावल्यास संक्रांतीपासून शिवरात्रीपर्यंत घरात फुलांचा खंड पडत नाही. पाने पिवळी पडली की कंद काढून सावलीत वाळवावेत आणि वाळूत ठेवावेत.

बिदरीच्या काळ्या धातूवरचे ते आयरिस तीनशे वर्षे टवटवीत आहेत. त्यांना थंडी लागत नाही आणि पाऊसही बाधत नाही. कुंडीतल्या झाडाला मात्र आपल्या गावची हवा पत्करावी लागते. ती हवा ओळखून जे साधेल ते लावावे, आणि जे साधत नाही ते ज्याच्या गावी साधते त्याच्याकडून फुलल्याचे पत्र मागवावे. डेहराडूनच्या भगिनींनी पुढील वसंतात आपल्या कुंडीचा वृत्तांत अवश्य कळवावा. हुमनाबादच्या काकू वाचण्यास उत्सुक असतील.

या महिन्यातील कामे

हस्ताचा पाऊस ओसरताच कुंड्यांतील वरची दोन बोटे माती काढून नवी घालावी. शेवंतीला आधाराच्या काड्या बांधाव्यात. ग्लॅडिओलसच्या कंदांचा पहिला हप्ता लावावा. निशिगंधाचे फुलून गेलेले दांडे बुडाशी कापावेत. बेलमकांड्याचे बी पेरावे. झेंडूचे बी दसऱ्या-दिवाळीच्या फुलांतूनच, मोठे व भरगच्च फूल निवडून, पुढील वर्षासाठी वाळवून ठेवावे. आणि ज्यांना आयरिसचा प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी आजपासून रोज पहाटेचे तापमान एका वहीत टिपून ठेवण्यास प्रारंभ करावा. माघाअखेर ती वहीच सांगेल की गड्डा विकत घ्यावा किंवा नाही.